ठासणीची बंदूक आणि मोठी शिकार

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला संग्रामपूर तालुका आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या, कपाशीच्या जमिनीवरून उत्तरेकडे जाऊं लागलें म्हणजे सोनाळा व टुनकी या गांवांच्या पुढें सातपुड्याची भिंत उभी राहते आणि सपाटी एकाएकीं संपते. साग, सालई आणि बांबू यांच्या या डोंगराळ रानांतच अंबाबरवा अभयारण्य आहे. पूर्वेस नरनाळा व त्यापलीकडे मेळघाट; उत्तरेस बऱ्हाणपूरचा, म्हणजे जुन्या निमाडचा, मुलूख. वाघ, बिबळ्या, अस्वल, रानगवा आणि सांबर हे या रानाचे जुने रहिवासी. आज तेथें शिकारीसाठीं बंदूक घेऊन जाणें हा गुन्हा आहे. परंतु मोगलांच्या काळापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सातपुड्यांत मोठ्या जनावराची बंदुकीनें शिकार म्हणजे काळी दारू आणि तोंडाकडून भरावयाची बंदूक, हें समीकरण कायम होतें. त्या बंदुकीनें शिकाऱ्यावर कोणतीं बंधनें घातलीं होतीं आणि तीं सुटल्यावर काय झालें, हें पाहण्यासारखें आहे.

काळी दारू तीन जिनसांची: सोरा, गंधक आणि कोळसा. शंभर भागांत सुमारें 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक हें तिचें रूढ प्रमाण. सोरा जळण्यास लागणारा प्राणवायु पुरवितो, कोळसा हें जळण, आणि गंधकामुळें दारू लवकर पेट घेते. पण या दारूचा निम्म्याहून कमी भागच वायुरूप होऊन गोळीला ढकलतो. उरलेला भाग घनरूप राहतो. त्यांतला कांहीं धूर होऊन बाहेर पडतो आणि कांहीं काजळीच्या रूपानें नळीला चिकटतो. ही काजळी हवेंतील ओल शोषून घेते. म्हणून दिवसाअखेर नळी गरम पाण्यानें धुऊन, पुसून, तेल लावून ठेवली नाहीं, तर ती गंजल्यावांचून राहत नसे. पावसाळ्यांत तर दारू सर्दावण्याची धास्ती कायमची.

बंदूक भरणें हें स्वतंत्र काम होतें. मोजलेली दारू नळींत ओतावयाची, तीवर चिंधीचा किंवा नमद्याचा बोळा, मग शिशाची गोळी, आणि सारें गजानें ठासून बसवावयाचें. यावरूनच ‘ठासणीची बंदूक’ हें नांव. तोड्याच्या बंदुकींत चाप ओढला कीं जळती जामगी कानावरच्या रंजकेवर टेकत असे. पुढें चकमकीची बंदूक आली, आणि 1807 मध्यें अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्यानें आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट घेतल्यावर कांहीं वर्षांतच तांब्याच्या टोपीची बंदूक प्रचारांत आली. टोपीमुळें बार चुकण्याचें प्रमाण पुष्कळ घटलें. परंतु भरण्याचा खटाटोप तसाच राहिला. सराईत हातालासुद्धां पुन्हा भरण्यास अर्धें-पाऊण मिनिट लागे. जखमी अस्वलास शिकाऱ्यापर्यंत पोंचण्यास तितका वेळ लागत नाहीं.

या बंदुकांची मापें सांगण्याची रीतही जुनी आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळींत बसेल ती ‘बारा बोअर’. अशी एक गोळी सुमारें सव्वातीन तोळ्यांची असते. चार बोअरची गोळी पाव पौंडाची, म्हणजे जवळजवळ दहा तोळ्यांची. एवढी जड गोळी कशासाठीं, असा प्रश्न सहज पडेल. काळ्या दारूच्या जोरावर गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाहीं. वेग वाढवितां येत नाहीं म्हणून वजन वाढवावयाचें, हा त्यावरचा उपाय. रानगव्याचें वजन सातशें-आठशें किलोग्रॅमपर्यंत भरतें. त्याच्या खांद्याचें जाड हाड फोडून गोळी काळजापर्यंत गेली पाहिजे. हलकी गोळी वरच अडकली, तर जनावर मरत नाहीं. जखम घेऊन रानांत शिरतें आणि दिवसेंदिवस कुढत राहतें.

बंदुकीच्या शिकारीचा शौक मोगल दरबारांत शिगेस पोंचला होता. अकबराच्या आवडत्या बंदुकीचें नांव ‘संग्राम’. 1568 मध्यें चितोडच्या वेढ्यांत जयमल राठोडावर त्यानें याच बंदुकीनें नेम धरला, असें अबुल फजलानें नोंदलें आहे. आणि तिनें मारलेल्या जनावरांचा आंकडा त्यानें हजारावर दिला आहे. या ‘संग्रामा’चा संग्रामपूरच्या नांवाशीं संबंध जोडण्यास आधार नाहीं, मात्र 1596 मध्यें वऱ्हाड मोगलांकडे गेला आणि पुढें बऱ्हाणपूर हें त्यांचें दक्षिणेंतील मोठें ठाणें झालें. बादशहाच्या या आंकड्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. ज्याच्या पाठीशीं भरलेल्या बंदुका घेऊन माणसें उभीं असतात आणि ज्याच्यासाठीं हजारों लोक हांका करून जनावरें वेढून आणतात, त्याला बंदुकीच्या मंदपणाचा जाच होत नाहीं. तो जाच एकट्या शिकाऱ्याला.

इंग्रजी अमदानींतील शिकारी बहुधा असाच थोड्या माणसांनिशीं रानांत शिरे. 28 एप्रिल 1819 रोजीं कॅप्टन जॉन स्मिथ हा वाघाच्या शिकारीच्या निमित्तानें वाघूर नदीच्या घळींत गेला आणि त्याला अजिंठ्याचीं लेणीं दिसलीं. दहाव्या लेण्यांत त्यानें कोरलेलें नांव व तारीख आजही आहे. तें ठिकाण बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेपासून दूर नाहीं. टोपीची बंदूक तेव्हां सर्वत्र रुळावयाची होती.

पण या विषयाचा खरा अभ्यास केला तो कॅप्टन जेम्स फोर्साइथ यानें. टोपीच्या बंदुकीचें मूळ ज्यानें घातलें त्या पाद्र्याहून हा निराळा. हा मध्यप्रांतांत वनखात्यांत होता, पुढें निमाडचा सेटलमेंट ऑफिसर झाला. पचमढीला 1862 मध्यें त्यानें बांधलेला ‘बायसन लॉज’ हा बंगला प्रसिद्ध आहे. 1863 मध्यें त्यानें शिकारी रायफलीवर एक पुस्तक लिहिलें, आणि सातपुड्याच्या रानांचें व तेथील लोकांचें वर्णन करणारा त्याचा मोठा ग्रंथ 1871 मध्यें प्रसिद्ध झाला.

फोर्साइथपुढचा प्रश्न असा होता. रायफलीच्या नळींत आंतून पेच असतात. ते गोळीला फिरकी देतात आणि फिरकीमुळें गोळी सरळ जाते. परंतु पेच फार आंवळ असले आणि दारू पुष्कळ घातली, तर मऊ शिशाची गोळी पेचांवरून घसरून जाते व नेम बिघडतो. म्हणून लोक दारू कमी घालीत; त्यामुळें गोळीचा मार्ग कमानीसारखा वांकडा होई, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी खालीं-वर लागे. रानांत अंतर मोजून कोण देणार? फोर्साइथनें पेच अगदीं सैल ठेवण्याचा पुरस्कार केला. मग वाटोळ्या गोळीमागें भरपूर दारू घालतां येई आणि रानांतल्या थोड्या अंतरापुरती ती जवळजवळ सरळ जाई. या साऱ्या गणिताचें फळ एकच: अंदाज चुकला तरी जनावर जखमी होऊन सुटूं नये.

त्या काळचा प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. पहांटेच्या ओल्या गवतांत कोरकू वाटाड्या पुढें वांकून चालतो. वारा तोंडावर आहे कीं नाहीं हें तो चिमूटभर राख उडवून पाहतो. गवा साठ-सत्तर पावलांवर येईपर्यंत बार टाकण्यांत अर्थ नाहीं. दोन नळ्यांची बंदूक असली तर दोन बार, नाहीं तर एकच. बार उडतो आणि पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो. वारा पडलेला असला तर तो पडदा तेथेंच रेंगाळतो. गोळी कोठें लागली, जनावर पडलें कीं अंगावर येत आहे, तें कांहीं क्षण कळत नाहीं. वाटाड्या शिकाऱ्याला बाजूस ओढतो, तो यासाठींच. पुढें रक्ताचा माग काढावयाचा तोही त्यानेंच. साहेबांच्या ग्रंथांतून शिकारीचें श्रेय साहेबाला मिळालें. त्याचा जीव मात्र पुष्कळदां या अनवाणी माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मागून भरावयाच्या काडतुसी बंदुका आल्या. 1867 मध्यें आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली आणि रान जवळ आलें. 1884 मध्यें व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि शतक संपण्यापूर्वीं तिच्यावर चालणाऱ्या जबर वेगाच्या रायफली बाजारांत आल्या. नव्या बंदुकीनें जनावर लवकर मरे, हें खरें आणि तें एका अर्थीं दयेचेंच. पण जवळ जाण्याची गरज उरली नाहीं, धुराचा पडदा राहिला नाहीं, पुन्हा भरण्याची धास्ती गेली. जी शिकार कष्टाची होती ती सोपी झाली, आणि सोपी झाली म्हणून वाढली. जुना शिकारी अधिक संयमी होता असें मानण्याचें कारण नाहीं. संयम त्याच्या हत्यारांत होता. हत्यार सुधारलें आणि संयम गेला.

तो कायद्यानें परत आणावा लागला. 1970 मध्यें वाघाच्या शिकारीस बंदी झाली, 1972 मध्यें वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1973-74 मध्यें मेळघाट हा देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकीं एक झाला, आणि 1997 मध्यें अंबाबरव्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला.

तरीही ठासणीची बंदूक इतिहासजमा झालेली नाहीं. 1959 च्या शस्त्रकायद्यांत पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं द्यावयाच्या परवान्यांत तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीचा नांवानिशीं उल्लेख आहे. मात्र परवाना बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे. त्याला वन्यजीव कायद्याचीं बंधनें आहेतच. रानाच्या कडेला राहणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न येथेंच आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रींत मक्याचें शेत लोळवितो, आणि उभें पीक गेलेल्या माणसापुढें वनरक्षणाचीं व्याख्यानें फिकीं पडतात. त्याच्या हातीं मोठ्या आवाजाची, पण मंद बंदूक ठेवतांना त्याला राखण करतां यावी आणि रान मात्र ओस पडूं नये, असा दुहेरी हेतु साधतो. तो पुरा सफल व्हावयाचा तर नुकसानीची भरपाई वेळेवर त्याच्या हातीं पडली पाहिजे. तसें झालें, तर मचाणावरचा त्याचा बार बहुधा आकाशाकडेच उडेल, आणि डोंगरांतला गवाही सुखरूप राहील.