शेअर्ड होस्टिंगवर लारावेल: साइट चालली, आणि तिथेच घोळ झाला

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की क्लाउड, डॉकर वगैरे ठीक आहे, पण आमच्या क्लायंटकडे वर्षाला दोन-तीन हजारांचं सीपॅनेलवालं होस्टिंग आहे, त्यावर लारावेल कसं टाकायचं? आज त्यावरच बोलतो. ऐकताना फाइलींची नावं नीट कळावीत म्हणून ती उच्चारतो तशीच सांगतोय, आणि इथे लिहितानाही तशीच ठेवली आहेत.

पण आधी माझी चूक सांगतो, कारण मी हे सगळं त्या चुकीतून शिकलो.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आमच्या तालुक्याच्या गावी ओळखीतले एक काका वधू-वर सूचक मंडळ चालवतात. रजिस्टरं, फोटोंची पाकिटं, पत्रिकांच्या झेरॉक्स, असा सगळा कारभार. त्यांना वेबसाइट हवी होती. मी लारावेलमध्ये करून दिली. होस्टिंग त्यांच्याकडे आधीचंच होतं, कुणीतरी कधीतरी घेऊन दिलेलं.

मी अख्ख्या प्रोजेक्टची झिप केली, पब्लिक अंडरस्कोर एचटीएमएलमध्ये चढवली आणि उघडली. साइट दिसायला लागली, पण पत्त्याच्या शेवटी 'स्लॅश पब्लिक' लावल्यावरच. ते बरं दिसेना. मग शोधाशोध केली आणि सगळीकडे फिरणारा तो जालीम उपाय सापडला: पब्लिक फोल्डरमधल्या इंडेक्स डॉट पीएचपी आणि डॉट एचटीअ‍ॅक्सेस या दोन फाइली उचलून वर आणा, इंडेक्समधले पाथ बदला. केलं. साइट चालली. काका खूश, मी खूश.

आता हे बघा, यात नेमकं काय बिघडलं. वेब सर्व्हर ज्या फोल्डरमधून जगाला फाइली देतो, ते डॉक्युमेंट रूट. लारावेलची सगळी रचनाच अशी आहे की डॉक्युमेंट रूट म्हणजे फक्त पब्लिक फोल्डर. कोड, पासवर्ड, लॉग हे सगळं त्याच्या एक पायरी वर, म्हणजे ब्राउझरच्या हाताबाहेर. मी ती पायरीच काढून टाकली होती.

आणि डॉट एचटीअ‍ॅक्सेस वाचवेल असं वाटत असेल, तर लारावेलसोबत येणाऱ्या त्या फाइलीतला नियम काय म्हणतो ते बघा: मागितलेली फाइल खरोखर जागेवर असेल तर तीच दे, नसेल तर इंडेक्सकडे पाठव. डॉट ई-एन-व्ही फाइल जागेवर होतीच. ती पीएचपी नाही, साधा मजकूर आहे, त्यामुळे सर्व्हर ती चालवत नाही, जशीच्या तशी वाढतो. अपाची स्वतःहून डॉट-एचटीने सुरू होणाऱ्या फाइली अडवतो. डॉट ई-एन-व्ही त्या नियमात बसत नाही.

म्हणजे डोमेनपुढे ते नाव टाइप केलं की डेटाबेसचा पासवर्ड, मेलचा पासवर्ड आणि अ‍ॅप-की, तिन्ही समोर.

मला हे कळलं कसं? काकांचा फोन आला, "अरे, मंडळाचे मेल जाईनात." होस्टिंगवाल्यांनी मेल बंद केले होते, कारण आमच्या खात्यावरून स्पॅम जात होतं. मी सीपॅनेलमधून अ‍ॅक्सेस लॉग उतरवला आणि डॉट ई-एन-व्ही शोधलं. कितीतरी आयपींवरून विनंत्या आलेल्या, आणि प्रत्येकीपुढे 200. म्हणजे फाइल दिली. कुणी आमच्या मंडळावर डोळा ठेवून बसलं नव्हतं हो. बॉट दिसेल त्या डोमेनचं दार ढकलून बघतात, आमचं उघडं होतं इतकंच.

खरा घाम फुटला तो पुढच्या ओळीवर. स्टोरेज, लॉग्ज, लारावेल डॉट लॉग. त्यापुढेही 200.

लारावेलमध्ये डेटाबेसची क्वेरी फसली की एररमध्ये ती क्वेरी आतल्या किमतींसकट लिहिली जाते. नोंदणीचा फॉर्म सुरुवातीला बऱ्याचदा फसायचा, एका कॉलमची लांबी कमी पडत होती. त्यामुळे प्रत्येक फसलेल्या नोंदणीचं नाव, जन्मतारीख, फोन, पत्ता असं सगळं लॉगमध्ये. मोजले तर एकतीस जण. त्यातल्या बहुतेक मुली.

डेटाबेस थेट उघडला गेला नसावा, कारण त्या होस्टिंगवर मायएसक्यूएलला बाहेरून जोडणी बंद होती. फोटोंबद्दल शिल्लक लॉगमध्ये काही दिसलं नाही. पण तिथे लॉग साठवून ठेवण्याचा पर्याय मी चालूच केला नव्हता, त्यामुळे जुने दिवस हातात नव्हते. (रॉ अ‍ॅक्सेसमध्ये तो टिकबॉक्स असतो. आजच चालू करा.)

शनिवारी एसटीने गावी गेलो. फोनवर सांगायची हिंमत नव्हती असं नाही, पण फोनवर सांगणं बरं वाटेना. काकांना डॉक्युमेंट रूट काय सांगणार! म्हटलं, "काका, रजिस्टर कपाटात ठेवायच्या ऐवजी मी ओट्यावर ठेवलं होतं. कुणीतरी पानं बघून गेलंय." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुणाकुणाची पानं, ते सांगता येईल?" म्हटलं, येईल. "मग यादी काढ. लोकांनी माझ्या नावावर पोरींचे फोन दिलेत, वेबसाइटच्या नाही. फोन मीच करतो." आणि त्यांनी एकतीस घरी फोन केले, मी शेजारी बसलो होतो. दोन घरांनी नोंदणी काढून घेतली. एका मुलीच्या वडिलांनी मला फोनवर घ्यायला सांगितलं आणि चांगलं सुनावलं. बरोबरच होतं त्यांचं.

तर आता, तेव्हा काय करायला हवं होतं ते.

प्रोजेक्टचा फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या आत नको, शेजारी हवा, थेट होम फोल्डरमध्ये. सबडोमेन किंवा अ‍ॅडऑन डोमेन असेल तर सीपॅनेलमध्ये त्याचा डॉक्युमेंट रूट निवडता येतो. तो सरळ प्रोजेक्टच्या पब्लिक फोल्डरवर लावा, विषय संपला. मुख्य डोमेनचा रूट बहुधा बदलू देत नाहीत. मग फक्त पब्लिकमधला ऐवज पब्लिक एचटीएमएलमध्ये ठेवा आणि इंडेक्समधले मेंटेनन्स, ऑटोलोड आणि बूटस्ट्रॅप हे तीन पाथ शेजारच्या फोल्डरकडे वळवा. नव्या आवृत्त्यांत यूज-पब्लिक-पाथ वापरून बदललेली जागा लारावेललाही कळवा. ते बूटस्ट्रॅपमधल्या अ‍ॅप डॉट पीएचपीत लिहा, म्हणजे आर्टिसनच्या कमांडलाही कळतं.

काही जण म्हणतात, सगळं आत राहू दे, वर एक डॉट एचटीअ‍ॅक्सेस टाकून सगळ्या विनंत्या पब्लिककडे वळवू. चालतं. पण मग सगळा भार त्या एका फाइलीवर. झिप उलगडताना ती राहिली, किंवा होस्टने सर्व्हर एनजिनएक्सवर नेला, की परत ओट्यावर. मला नाही पटत.

अ‍ॅप-डीबग फॉल्स. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी 'जरा एरर बघतो' म्हणून कुणीतरी ट्रू करून विसरतं. 2021 मध्ये इग्निशन या एरर दाखवणाऱ्या पॅकेजात असं भोक सापडलं होतं की डीबग चालू असलेल्या जुन्या साइटवर बाहेरचा माणूस आपला कोड चालवू शकत होता. व्हेंडर फोल्डर बाहेरून दिसू देऊ नका याचंही तसंच कारण आहे: 2017 मधलं पीएचपीयुनिटचं भोक. त्यासाठीच कंपोझर नो-डेव्ह लावून चालवा, म्हणजे टेस्टिंगचं सामान सर्व्हरवर जातच नाही.

परवानग्यांचं म्हणाल तर फोल्डरना 755, फाइलींना 644, डॉट ई-एन-व्हीला 600. बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी तुमच्याच युजरच्या नावाने चालतं, त्यामुळे 777 ची गरजच नसते.

एसएसएच नसेल तर लोक 'स्लॅश मायग्रेट' असा राउट लिहून ब्राउझरमधून कमांड चालवतात आणि तो राउट तसाच राहतो. मी एका साइटवर मायग्रेट-फ्रेशचा राउट बघितलाय, लॉगिनशिवाय. कुणी पत्ता टाकला की डेटाबेस कोरा! त्यापेक्षा सीपॅनेलच्या क्रॉनमध्ये आर्टिसनची कमांड टाका, एकदा चालू द्या आणि काढून टाका. कॉन्फिग-कॅशही तिथेच चालवा. आपल्या लॅपटॉपवर केलेला कॅश चढवला तर आत लॅपटॉपचेच पाथ राहतात.

आणि फाइल फुटलीच असेल तर नुसती झाकून भागत नाही. तिन्ही किल्ल्या बदला. अ‍ॅप-की बदलली की सगळे लॉगआउट होतात आणि त्या कीने एन्क्रिप्ट केलेली माहिती वाचता येत नाही, तेवढं आधी बघा. युजरचे पासवर्ड हॅश असतात, त्यांना धक्का लागत नाही.

साइट चढवली की मी आता चार पत्ते स्वतः टाइप करतो: डॉट ई-एन-व्ही, डॉट गिट स्लॅश हेड, स्टोरेज-लॉग्जमधली ती फाइल, आणि कंपोझर डॉट जेसन. चारही ठिकाणी 404 आलं पाहिजे. 403 आलं तर कुठला तरी नियम अडवतोय, पण फाइल बहुधा तिथेच आहे; परत रचना बघतो.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला, "होस्टिंगवाल्यांचा मेल आलाय, सर्व्हर बदलतायत म्हणे. आपलं रजिस्टर कपाटातच आहे ना रे?" म्हटलं, थांबा काका, बघून सांगतो. त्यांना फोनवर धरून ठेवूनच चारही पत्ते टाइप केले.