चाई पडते तेव्हा



आपल्या भाषेनं केसांना मोठा मान दिला आहे. कुणाला सुखरूप ठेवायचं असेल, तर आपण त्याच्या केसालाही धक्का लागू देत नाही. अनुभवी माणूस सांगतो, 'हे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत.' असे हे केस एके दिवशी डोक्यावरून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतून अचानक नाहीसे होतात. खाली गुळगुळीत त्वचा दिसते आणि आरशासमोरचा माणूस हादरतो. यालाच आपण चाई पडणं म्हणतो. डॉक्टर तिला 'अलोपेशिया एरिआटा' म्हणतात, आयुर्वेदात ती इंद्रलुप्त आहे आणि युनानी हकिमांकडे 'दाउस्सालब', म्हणजे कोल्ह्याचा रोग. अलोपेशिया हा शब्दही कोल्ह्याच्या ग्रीक नावावरूनच आला. खरूज झालेल्या कोल्ह्याचे केस असेच झडतात ना, त्यावरून.

चाईला कीड लागते, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात कीडबीड काही नसते आणि ती एकाची दुसऱ्याला लागतही नाही. आपल्या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून केसांच्या मुळांनाच परकं समजतात आणि त्यांच्यावर हल्ला करतात. शंभरांतल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. यात दिलासा देणारी गोष्ट अशी की, मुळं मरत नाहीत, ती फक्त काम थांबवतात. एखाददुसरा छोटा चट्टा असेल, तर जवळपास निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात.

हे 'आपोआप' नीट लक्षात ठेवायला हवं, कारण घरगुती उपायांची सगळी गोम इथं आहे. केस परत यायचे असतात तेव्हा येतात, आणि त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. कुणी कांदा चोळत असतो, कुणी लसूण, कुणी एखादं महागडं तेल. 'मला गुण आला' असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण काहीच न लावता ज्याचे केस आले, तो कुणाला सांगायला जात नाही.

मग घरगुती उपाय सगळे फोल म्हणायचे का? तसंही नाही. 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी कांद्याच्या रसाचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. 23 जणांनी चट्ट्यांवर दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला, 15 जणांनी साधं पाणी. सहा आठवड्यांनी रसवाल्या 23 पैकी 20 जणांना केस आले, पाणीवाल्या 15 पैकी आठ आठवड्यांनीही फक्त दोघांना. त्याआधी 1998 मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या डॉक्टरांनी रोझमेरी, लव्हेंडर, ओवाफुलासारखी सुगंधी थाइम आणि देवदाराच्या जातीच्या झाडाचं तेल साध्या तेलात मिसळून सात महिने रोज मालिश करून पाहिलं. गुण आला 44 टक्के लोकांना. नुसत्या साध्या तेलानं तो 15 टक्क्यांना आला होता.

आकडे आशा वाटावी असे आहेत. पण दोन्ही प्रयोगांत माणसं थोडी होती. शिवाय कांद्याचा वास लपत नाही, त्यामुळे आपल्याला काय लावलं जातंय हे प्रत्येकाला कळणारच. तेव्हा छोटा चट्टा असेल आणि त्वचा सोसत असेल, तर कांद्याचा रस लावून पाहायला हरकत नाही. फक्त त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. कच्चा लसूण घासून मात्र कातडी भाजते. आणि गुंज उगाळून लावण्याचा जुना उपाय तज्ज्ञ वैद्याशिवाय करूच नये. गुंजेचं बी विषारी असतं, घरात लहान मूल असेल तर ते जिवाशी येऊ शकतं.

आता आहाराकडे वळू. केस प्रथिनाचे बनतात. लोह, जस्त, 'ड' जीवनसत्त्व कमी पडलं तर केसांवर परिणाम होतो, आणि चाईच्या रुग्णांमध्ये यांतल्या काहींची कमतरता अनेकदा आढळते. म्हणून रक्त तपासून घ्यावं आणि जे कमी असेल ते भरून काढावं. त्यासाठी परदेशी पावडरी लागत नाहीत. डाळ-उसळ, भाकरी, पालेभाजी, तीळ, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी आणि मासळी, हे आपलंच ताट पुरतं. पालेभाजीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी जास्त लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते कमी लागतं. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अमुक पदार्थ खाल्ल्यानं चाई बरी होते, असं सिद्ध झालेलं नाही, आणि अमुक खाल्ल्यानं ती होते, असंही नाही.

कमतरतेइतकाच अतिरेकही वाईट. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावोगावच्या लोकांचे केस अचानक गळू लागले. ते प्रकरण नेहमीच्या चाईहून वेगळं होतं. आधी पाण्यावर संशय गेला. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तपासणी केली, तेव्हा लोकांच्या शरीरात सेलेनियम बेसुमार वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं आढळलं. त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत हेच सेलेनियम असतं. 'अ' जीवनसत्त्व जास्त झालं तरी केस गळतात. बायोटिनच्या मोठ्या मात्रेनं तर थायरॉइडच्या तपासणीचे आकडेच चुकू शकतात. मनानं गोळ्या घेऊ नयेत, एवढंच यातून घ्यायचं.

चट्टा दिसला की आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. लहान मुलांच्या डोक्यावर बुरशीमुळेही चट्टे पडतात. तिथे खवले दिसतात, खाज सुटते, आणि तो आजार मात्र दुसऱ्याला लागतो. त्यावर पोटात औषध घ्यावं लागतं, कांद्यानं तो जात नाही. चाई असेल तर मलम असतं, चट्ट्यात द्यायची इंजेक्शनं असतात. डोक्यावरचे बहुतेक केस गेले असतील, तर बॅरिसिटिनिबसारखी नवी औषधं आहेत. अमेरिकेत तिथल्या औषध प्रशासनानं 2022 साली त्याला या आजारासाठी मान्यता दिली. मात्र ती देखरेखीखाली घ्यायची, आधी क्षयाची तपासणी करायची, आणि औषध थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात हेही जाणून असायचं.

शेवटी सर्वांत नाजूक भाग. माझ्या ओळखीच्या एका घरात दहा वर्षांच्या मुलीला चाई पडली. घरच्यांनी मायेपोटीच तिचं दही बंद केलं, वांगं बंद केलं, मग अंडी आणि मासळीही. येणारी प्रत्येक मावशी-आत्या एकच म्हणे, 'ही भाज्या खात नाही ना, म्हणून झालं.' पोर शाळेत स्कार्फ बांधून जायची आणि घरी ताटावर खाली मान घालून बसायची. वाढत्या वयात प्रथिनं तुटली, आणि आजार आपल्याच चुकीनं झाला हे ओझं वर बसलं. तिच्या डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते सगळं पथ्य उठवण्याचं.

आहाराची चर्चा चुकीच्या हातात पडली की ती अशी आरोपपत्र बनते. चाई झालेल्या माणसानं काही पाप केलेलं नसतं, खाण्यात नाही आणि वागण्यातही नाही. तेव्हा अशी एखादी मुलगी, एखादा तरुण तुमच्या घरी जेवायला बसला, तर त्याच्या डोक्याकडे पाहू नका आणि नवा उपायही सुचवू नका. ताटात भाकरी वाढा, उसळ वाढा आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारा. केस परत यायला महिने लागतात, कधी ते येतही नाहीत. चार माणसांत ताठ मानेनं बसण्यासाठी त्याला तेवढं थांबावं लागू नये.