ॲलर्जीची गोळी: कशावर चालते आणि कशावर नाही

अँटिहिस्टामिन औषधे हिस्टामिनचा नाश करत नाहीत, ती त्याची बसायची जागा अडवतात. धूळ, पराग किंवा एखादा खाद्यपदार्थ ज्याला सोसत नाही, त्या माणसाच्या नाकातल्या, कातडीतल्या आणि डोळ्यांच्या अस्तरातल्या मास्ट पेशी तो कण भेटताच आपला साठा रिता करतात. बाहेर पडलेले हिस्टामिन एच-१ नावाच्या ग्राहीवर बसते. मग बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, खाजेचे मज्जातंतू चेतवले जातात. नाक वाहते, शिंकांची सर येते, अंगावर गांधी उठतात. गोळीतला रेणू त्याच ग्राहीवर ठाण मांडतो. हे काम त्याने त्रास होण्याआधी केले तर फायदा जास्त, म्हणून हंगामी त्रासात डॉक्टर ही गोळी काही दिवस नेमाने घ्यायला सांगतात. वाहते नाक, शिंका, डोळ्यांची खाज आणि गांधी यांवर तिचा गुण चांगला येतो. चोंदलेल्या नाकावर मात्र ती तोकडी पडते. तिथे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा अधिक उपयोगी ठरतो.

या वर्गातले पहिले संयुग दानिएल बोवे यांनी १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शोधले. ते विषारी असल्याने रुग्णांपर्यंत गेले नाही, पण त्याच वाटेने पुढे मेपिरामिन, डायफेनहायड्रामिन आणि क्लोरफेनिरामिन आली. बोवे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पहिल्या पिढीच्या औषधांची खोट अशी, की ती मेंदूत शिरतात. मेंदू माणसाला जागे ठेवण्यासाठी हिस्टामिनच वापरतो, त्यामुळे गोळी नाक थांबवते तशी जागही मंदावते. शिवाय ती ॲसिटिलकोलीन या दुसऱ्या रसायनालाही अडवतात: तोंड कोरडे पडते, लघवी अडते, नजर धूसर होते, घाम कमी येतो. खेडोपाडी एव्हिल या नावाने ठाऊक असलेले फेनिरामिन, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतले क्लोरफेनिरामिन, खाजेसाठी लिहून दिले जाणारे हायड्रॉक्सिझिन आणि भूक वाढावी म्हणून दिले जाणारे सायप्रोहेप्टाडिन ही सगळी याच पिढीतली. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही दुसऱ्या पिढीतली. ती मेंदूत फारच कमी पोहोचतात. त्यांच्यातही डावे-उजवे आहे. सेटिरिझिनने काहींना पेंग येते, फेक्सोफेनाडिनने ती क्वचितच येते.

गोळी लिहून घेताना पहिला प्रश्न पडायला हवा तो हा, की त्रासामागे हिस्टामिन आहे का. जालना जिल्ह्यात हा प्रश्न बांधावरच उभा असतो. गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातले. भारतात त्याची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली; ते आयात गव्हाबरोबर आले असे मानले जाते. आज अंबडपासून जाफराबादपर्यंत ते नसलेला बांध सापडणे कठीण. या एकाच गवताने दोन वेगवेगळे आजार होतात. त्याचे पराग नाकात गेले तर शिंका आणि पाणी. हे हिस्टामिनचे काम, इथे गोळी लागू पडते. पण गवताचा कोरडा चुरा कातडीला लागत राहिला, तर त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने पापण्या, मान, कोपराच्या घड्या लाल होऊन जाड पडतात, त्यांतून लस येते. हा त्वचादाह टी-पेशींमुळे होतो आणि त्याला एक-दोन दिवस लागतात. हिस्टामिनचा त्यात वाटा नगण्य आहे. अशा रुग्णाला पहिल्या पिढीची गोळी दिली, तर रात्री झोप लागते म्हणून खाज थांबल्यासारखी वाटते, आणि कातडी तशीच जळत राहते. कित्येक शेतकरी महिनोन्‌महिने हीच गोळी घेत बसतात. खरा उपचार म्हणजे गवताचा संपर्क तोडणे, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि त्वचारोगतज्ज्ञाने ठरवलेले स्टेरॉइड मलम किंवा त्याहून जोरदार औषध.

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की दुसरी गफलत होते. सोयाबीनच्या टरफलाची धूळ दमा पेटवू शकते, हे बार्सिलोनाने जगाला दाखवले. १९८० च्या दशकात त्या शहरात दम्याच्या रुग्णांची ठरावीक दिवशी एकदम गर्दी उसळे. शोध घेतल्यावर ते दिवस बंदरावर सोयाबीन उतरवण्याचे निघाले. मळणी यंत्राजवळ छाती भरून आलेल्या, घरघर लागलेल्या माणसाला ॲलर्जीची गोळी देऊन बसवून ठेवणे धोक्याचे आहे. दम्यात श्वासनलिका आवळते ती एकट्या हिस्टामिनमुळे नव्हे; तिथे इनहेलर हवा.

विंचवाची गोष्ट तर याच जिल्ह्याशी बांधलेली आहे. देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाचे शेकडो रुग्ण पाहिले आणि १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याची लक्षणे मांडली. त्या काळी दंशावर अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइडची इंजेक्शने सर्रास दिली जात. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनालिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो: अंगाला घाम, हातपाय गार, रक्तदाब वर, आणि नंतर फुप्फुसांत पाणी. हिस्टामिन या साखळीत कुठेच प्रमुख नाही, म्हणून अँटिहिस्टामिन निष्फळ ठरते. बावस्करांनी वापरात आणलेल्या प्राझोसिनने चित्र पालटले, कारण ते रसायनांचा पूर जिथे धडकतो तेच ग्राही अडवते. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर घरातली एव्हिल गिळून सकाळची वाट पाहणारे लोक मात्र आजही भेटतात.

आग्या मोहोळ उठून माशा चावल्या, किंवा एखाद्या इंजेक्शनची रिॲक्शन आली, आणि गांधींबरोबर श्वास अडू लागला, जीभ सुजली, चक्कर आली, उलटी झाली, तर ती ॲनाफिलॅक्सिस असते. त्यात हिस्टामिन असते खरे, पण वेग इतका असतो की गोळी पोटात विरघळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आणि अँटिहिस्टामिन रक्तदाब वर आणत नाही की घशाची सूज उतरवत नाही. जीव वाचवते ते मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनालिन, प्रौढाला साधारण अर्धा मिलिग्रॅम. १०८ ला फोन आधी, गोळीचा विचार नंतर.

निदान बरोबर असले तरी गोळी कशी घ्यायची हा भाग उरतोच. सेटिरिझिनचा प्रौढांचा नेहमीचा डोस दिवसातून एकदा १० मिलिग्रॅम, लेव्होसेटिरिझिनचा ५. दोन्ही मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि डायलिसिसवरच्या रुग्णाला लेव्होसेटिरिझिन देत नाहीत. मधुमेह जुना असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. फेक्सोफेनाडिनची अडचण निराळीच आहे: संत्रे, सफरचंद, ग्रेपफ्रूट यांच्या रसासोबत घेतल्यास ते आतड्यातून शोषले जाण्याचे प्रमाण बरेच घटते. मोसंबीच्या जिल्ह्यात हे लक्षात ठेवलेले बरे, कारण मोसंबी त्याच लिंबूवर्गातली. गोळी पाण्यासोबत घ्यावी. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असलेले ॲसिडिटीचे पातळ औषधही तिच्याबरोबर घेऊ नये. बिलास्टिन उपाशीपोटी लागते, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास.

लेव्होसेटिरिझिन आणि माँटेलुकास्ट यांची जोडगोळी महाराष्ट्रात फार लिहिली जाते. तिच्यातल्या माँटेलुकास्टमुळे काहींना दुःस्वप्ने, चिडचिड, निराशा, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक श्रेणीचा इशारा छापायला लावला. साध्या सर्दीला ही जोडी कशाला, असा प्रश्न रुग्णाने विचारायला हरकत नाही. सेटिरिझिन वा लेव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकदम थांबवल्यास काहींना आधी नव्हती इतकी तीव्र खाज सुटते. यावर २०२५ मध्ये इशारा दिला गेला. अशा वेळी आजार वाढला असे समजून डोस चढवू नये; कसे थांबवायचे ते डॉक्टरांना विचारावे.

दोन औषधांची गाठ पडली की काय होते, याचे जुने उदाहरण टर्फेनाडिनचे. झोप न आणणारी गोळी म्हणून ती जगभर गाजली. एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनाझोल यांच्यासोबत घेतल्यास ती रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवते, हे पुढे उघड झाले. अमेरिकेत ती १९९८ मध्ये बंद झाली आणि भारतात २००३ मध्ये तिच्यावर, तशीच ॲस्टेमिझोलवर, बंदी आली. हायड्रॉक्सिझिनला हृदयाचा हाच धोका कमी प्रमाणात आहे, म्हणून युरोपात प्रौढांसाठी दिवसाला १०० आणि वृद्धांसाठी ५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे.

पेंगेचा प्रश्न जालन्यात अधिक गंभीर आहे तो कामांमुळे. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये तापलेली सळई हाताळणारा, मळणी यंत्रात पेंढ्या सारणारा, रात्री मोसंबीची गाडी मुंबईकडे नेणारा, यांपैकी कोणालाही सकाळची क्लोरफेनिरामिन परवडणारी नाही. रात्री घेतली तरी ती निम्मी ओसरायला प्रौढात वीसेक तास लागतात, म्हणजे सकाळच्या पाळीत औषध अंगात असतेच. त्यावर दारू प्यायली तर सुस्ती दुणावते. मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम दारूइतकेच औषधाच्या अमलाखाली वाहन चालवण्याबद्दलही आहे, हे चालकांना फारसे ठाऊक नसते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घाम रोखणारी गोळी उष्माघाताला आमंत्रण देते. चिठ्ठी लिहून घेताना आपले काम काय आहे हे सांगणे एवढ्यासाठीच महत्त्वाचे.

वृद्धांना पहिल्या पिढीची गोळी शक्यतो देऊच नये. प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी तुंबते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब वाढतो, रात्री उठताना तोल जाऊन खुबा मोडतो. गोळीने माणूस गोंधळतोही. घरचे लोक या गोंधळलेपणाला वय झाल्याचे लक्षण मानतात आणि गोळी चालूच राहते.

मुलांचे प्रकरण सर्वांत नाजूक. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील बाळाला देत नाहीत, कारण श्वास थांबू शकतो. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. २०२५ मध्ये छिंदवाड्यात मुलांचे बळी घेणाऱ्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये हीच दोन औषधे पॅरासिटामॉलसोबत होती. मारले मात्र त्यात मिसळलेल्या डायइथिलीन ग्लायकॉलने, मूत्रपिंडे निकामी करून. त्यातली कित्येक मुले उपचारासाठी नागपुरात आणली गेली होती. लहान मुलाची सर्दी सिरपविना आठवड्यात बरी होते, हे पालकांना पटवणे हेच डॉक्टरांचे अवघड काम. प्रवासात मूल झोपावे म्हणून सिरप पाजण्याची रीत तर पूर्णपणे बंद व्हायला हवी. मोठ्या मुलाला द्यायचेच असेल तर बाटलीसोबतच्या मापाने द्यावे. घरच्या चमच्यांत एकाचे माप दुसऱ्यासारखे नसते.

औषधांच्या नियमांतील अनुसूची जी मध्ये अनेक अँटिहिस्टामिन आहेत आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणे धोक्याचे, असे त्यांच्या वेष्टनावर छापावे लागते. मेडिकलमधून नुसती ‘ॲलर्जीची गोळी’ मागितल्यावर हा मजकूर कोणी वाचत नाही. पाकिटावर वाचायचे ते मोठ्या अक्षरातले नाव नव्हे, खालचे घटक. सर्दीची गोळी, खोकल्याचे सिरप आणि चिठ्ठीवरची गोळी या तिन्हींत अँटिहिस्टामिन असू शकते, आणि डोस नकळत तिप्पट होतो. सर्दीच्या मिश्रणातले फेनिलेफ्रिन रक्तदाबाच्या रुग्णाला आणखी वेगळा त्रास देते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने स्वतःहून काही घेऊ नये. यातल्या काही औषधांचा अनुभव गरोदरपणात चांगला आहे, पण निवड डॉक्टरांची. ॲलर्जीची त्वचाचाचणी ठरली असेल तर गोळी आठवडाभर आधी थांबवावी लागते, नाहीतर ॲलर्जी असूनही चाचणी ती नसल्याचे दाखवते.

औषधाने अनपेक्षित त्रास झाला, तर त्याची नोंद रुग्णालाही करता येते. भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक नि:शुल्क आहे. नोंदवताना औषधाचे नाव, पाकिटावरचा बॅच क्रमांक, किती दिवस घेतले आणि सोबत दुसरे काय चालू होते, एवढे हाताशी असले की पुरते. म्हणून त्रास सरेपर्यंत रिकामी स्ट्रिप फेकू नये.