घरातील खाण

‘खाण’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतो तो काळोख, कुदळीचा आवाज आणि घामाने निथळणारे मजूर. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींनी हे चित्र शंभराहून अधिक वर्षे खरे करून दाखविले. १९०२ साली कावेरीवरील शिवसमुद्रमच्या धबधब्यापासून तारा ओढून या खाणींना वीज पुरविण्यात आली. बंगळूर शहरातील रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर. सोन्याचा माग काढीत खोदणारे तीन किलोमीटरांहूनही खोल उतरले. दगड तितकाच, श्रम अधिक आणि सोने मात्र उत्तरोत्तर कमी, असा तो प्रवास होता. अखेर २८ फेब्रुवारी २००१ रोजी या खाणी बंद झाल्या. भूगर्भातील सोन्याचा शेवटचा कण संपला होता म्हणून नव्हे, तर ते वर काढावयास येणारा खर्च सोन्याच्या मोलाहून अधिक होऊ लागला म्हणून.

आज मध्यमवर्गीय घरांतील तरुण मुले ज्या खाणीविषयी बोलू लागली आहेत, तिला ना विवर आहे ना कुदळ. तरीही कोलारचे ते गणित तिला जसेच्या तसे लागू पडते.

इंदूरमधील एखादे मराठी कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. वडील नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. उपदानाची रक्कम बँकेत जमा झालेली. गच्चीची गळती पुढच्या पावसाळ्यापूर्वी थांबवावयाची म्हणून त्यातील तीन लाख रुपये बाजूला काढून ठेवलेले. संगणकाचे शिक्षण घेतलेला मुलगा एके दिवशी म्हणतो, “बाबा, ते तीन लाख मला द्या. एक यंत्र आणू. ते मागच्या खोलीत ठेवले की रात्रंदिवस बिटकॉइन काढीत बसेल. गच्ची पुढच्या वर्षी त्याच पैशांतून होईल.” वडिलांनी आयुष्यभर हिशेब तपासण्याचेच काम केलेले असल्यामुळे ते एकदम नाही म्हणत नाहीत. ते कागद आणि पेन्सिल मागतात.

कागदावर आकडे पडण्यापूर्वी ही खाण म्हणजे काय, हे समजून घेणे अवश्य आहे. सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या एका अज्ञात व्यक्तीने, अथवा व्यक्तींनी, ऑक्टोबर २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या सार्वजनिक खतावणीचे पहिले पान लिहिले गेले. या खतावणीला कोणी मुनीम नाही. कोणाचे नाणे कोणाकडे गेले याच्या नोंदी पानापानांनी लिहिल्या जातात आणि सुमारे दहा मिनिटांनी एक पान पुरे होते. ते पान कोणी बंद करावयाचे, हे एका शर्यतीने ठरते. पानाच्या तळाशी असा एक आकडा लिहावयाचा असतो की, सर्व मजकुरावर ठराविक गणिती क्रिया केली असता येणारे उत्तर एका नेमून दिलेल्या मर्यादेच्या खाली राहावे. हा आकडा बुद्धीने काढता येत नाही. एकामागून एक आकडे लावून पाहणे, एवढाच मार्ग. ज्याला तो प्रथम सापडेल त्याने पान बंद करावे आणि बक्षीस म्हणून नवी नाणी घ्यावीत. यालाच खाणकाम म्हणतात. पण खरे पाहता ही दहा-दहा मिनिटांनी निघणारी सोडत आहे आणि जो जितके अधिक प्रयत्न करील तितकी त्याची तिकिटे अधिक.

आरंभी हे काम घरातल्या साध्या संगणकावर होत असे. मग खेळांसाठी वापरली जाणारी ग्राफिक्स कार्डे त्याला जुंपण्यात आली आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडविलेली यंत्रे बाजारात आली. अशा एखाद्या आधुनिक यंत्राची शक्ती सेकंदाला दोनशे टेराहॅश, म्हणजे दोनशे लाख कोटी प्रयत्न, इतकी असते. आकडा ऐकून मुलाचे डोळे चमकतात, ते अकारण नव्हे. परंतु या शर्यतीच्या नियमांत एक मेख आहे. दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे साधारणतः पंधरवड्याने, सोडतीची काठिण्यपातळी बदलते. जगात यंत्रे वाढली तर कोडे अधिक कठीण होते, कमी झाली तर सोपे होते. पान मात्र दहा मिनिटांनीच बंद व्हावे, अशी ही योजना. विहिरीवर कितीही रहाट बसविले तरी दिवसाला निघणारे पाणी तेवढेच राहावे आणि सर्वांनी ते वाटून घ्यावे, तसे हे आहे. शेजाऱ्याने मोठा रहाट आणला की आपली बादली आपोआप लहान होते.

शिवाय पाणीही ठरलेल्या टप्प्यांनी कमी होत जाते. प्रत्येक पानाचे बक्षीस प्रथम ५० बिटकॉइन होते. २०१२ मध्ये ते २५ झाले, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५. पुढची घट २०२८ च्या सुमारास व्हावयाची आहे. यंत्र विकत घेणाऱ्याच्या हिशेबात ही तारीख क्वचितच असते.

आता वडिलांचा कागद. २०२५ साली जगातील सर्व यंत्रांची मिळून शक्ती सेकंदाला एक झेटाहॅशच्या घरात पोचली. म्हणजे शंभर कोटी टेराहॅश. मुलाच्या यंत्राची शक्ती दोनशे. अर्थात त्याचा वाटा पन्नास लाखांत एक. दिवसाला पाने १४४, बक्षिसे मिळून ४५० बिटकॉइन; त्याचा पन्नास लाखावा भाग ०.००००९ बिटकॉइन. व्यवहारशुल्काची किरकोळ भर वडील सोडून देतात. बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरला, तर दिवसाची प्राप्ती ७२० रुपये. हाही वाटा एकट्याने बसल्यास दररोज हाती येणार नाही. पन्नास लाखांत एक संधी आणि दिवसाला १४४ सोडती, या प्रमाणाने एकट्या यंत्राला पान लागण्यास सरासरीने पंचाण्णव वर्षे लागतील. म्हणून लहान खाणवाले भिशीसारखा एक संघ करतात, सर्वांनी मिळून जिंकलेले बक्षीस श्रमांच्या प्रमाणात वाटून घेतात आणि संघ चालविणाऱ्याला थोडी कसर देतात.

“महिन्याला एकवीस हजार सहाशे,” मुलगा म्हणतो. “चौदा महिन्यांत यंत्राचे पैसे वसूल.”

वडील कागदाची दुसरी बाजू उलटतात. यंत्र साडेतीन हजार वॅट वीज खाते, तीही अखंड. दिवसाला ८४ युनिट, महिन्याला २,५२०. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढत जातो आणि एवढा वापर वरच्या टप्प्यात जाऊन पडतो, हे कोणाही गृहस्थास ठाऊक असते. तरी हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला सरसकट दहा रुपये धरले, तर दिवसाचा खर्च ८४० रुपये. ७२० मिळविण्यासाठी ८४०. यंत्राची किंमत अद्याप कागदावर आलेलीही नाही.

आणि वीज म्हणजे केवळ पैसा नव्हे. साडेतीन हजार वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे पंधरा अँपिअर विद्युत्प्रवाह ओढते. घरातील मोठ्या खटक्याची मर्यादा सोळा अँपिअरची. पाणी तापविणारा गीझर अर्धा तास चालतो आणि थांबतो. हे यंत्र वर्षभर थांबावयाचे नाही. त्या जुन्या वायरिंगवर आणि मंजूर विद्युत्भारावर एवढे ओझे टाकावयाचे म्हणजे पंख्यांच्या घोंघाटाने जागे असलेल्या घराने आणखी एका कारणासाठी जागे राहावयाचे. हा घोंघाट ७५ डेसिबलच्या आसपास असतो. उष्णतेविषयी तर बोलावयासच नको. विजेचा जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो आणि एक टनाचे वातानुकूलन यंत्र जेवढी उष्णता काढून टाकते तीही सुमारे साडेतीन हजार वॅटच. म्हणजे मे महिन्यात मागच्या खोलीत एक टनाचा एसी लावला, तरी तो केवळ यंत्राचीच ऊब बाहेर फेकीत राहील. माळव्याच्या उन्हाची ऊब आहे तिथेच. थंड देशांत काही लोक हीच उष्णता घर उबदार ठेवण्यास वापरतात आणि त्यांच्या बाबतीत हिशेब थोडा बदलतो. इंदुरास मे महिन्यात घर तापविण्याची कोणाची इच्छा नसते.

मुलगा सौरविजेचा मुद्दा काढतो. तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत घराच्या छपरावरील तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले गेले. पण एक किलोवॅटची पट्टी दिवसाला सुमारे चार युनिट देते. तीन किलोवॅटचे बारा युनिट झाले, हवेत चौऱ्याऐंशी. एकवीस किलोवॅटचा संच ज्या छपरावर मावेल ते छप्पर या कुटुंबाचे नाही आणि जे आहे ते गळते आहे. शिवाय छपरावरची वीज फुकट असते हा समज चुकीचा आहे. ती यंत्रात जाळली नसती तर घराचे बिल कमी झाले असते. तेवढे तिचे मोल आहेच. घरगुती जोडणीवरून धंदा चालविणे हा २००३ च्या विद्युत कायद्याखाली अनधिकृत वापर ठरू शकतो, ही गोष्टही मुलाने वाचलेली नसते.

यानंतर येतो तो कराचा भाग, आणि येथे हिशेब केवळ तोट्याचा न राहता विचित्र होतो. २०२२ च्या वित्त कायद्याने अशा आभासी मत्तेच्या उत्पन्नावर सरसकट तीस टक्के कर बसविला. मत्ता संपादन करण्याचा खर्च सोडून अन्य कोणताही खर्च वजा मिळावयाचा नाही आणि तोटा अन्य उत्पन्नातून वळता करता यावयाचा नाही, अशी त्यात तरतूद केली. मग यंत्राची किंमत ही संपादनाचा खर्च मानावी काय? मार्च २०२२ मध्ये लोकसभेतील लेखी उत्तरात अर्थ राज्यमंत्र्यांनी स्पष्ट केले की, खाणकामाच्या साधनसामग्रीवरील खर्च हा भांडवली स्वरूपाचा असल्याने तो संपादनाचा खर्च धरला जाणार नाही. उपकर धरून हा कर ३१.२ टक्के होतो. महिन्याच्या २१,६०० रुपयांवर सुमारे ६,७४० रुपये कर, उरले १४,८६०, वीज २५,२००. महिन्याला दहा हजारांहून अधिक रुपयांची तूट आणि त्या तुटीवर करही भरलेला. कायद्याचा हेतू अशा व्यवहारांना उत्तेजन न देण्याचा असावा, हे समजण्यासारखे आहे. पण घरातील मुलाला ही गोष्ट यंत्र विकणारा सांगत नाही, हेही तितकेच समजण्यासारखे आहे.

मुलाजवळ अखेरचा बाण उरतो. “भाव वाढेल, बाबा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकोणसत्तर हजार डॉलरच्या आसपास होता, डिसेंबर २०२४ मध्ये एक लाखावर गेला.”

“आणि मधल्या काळात?”

मधल्या काळात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो सोळा हजारांच्याही खाली उतरला होता. मुलगा हे सांगतो, कारण तो प्रामाणिक आहे. मग वडील जो प्रश्न विचारतात त्यातच या साऱ्या विषयाचे मर्म आहे. “अरे, भाव वाढणारच असेल, तर यंत्र कशाला? त्याच तीन लाखांचे नाणेच घेतले तर किती येईल?”

कागदावर उत्तर येते : ०.०३७५ बिटकॉइन. यंत्राला तेवढे काढावयास, काठिण्यपातळी यत्किंचितही वाढली नाही असे धरूनही, चौदा महिने लागतात आणि त्या चौदा महिन्यांची वीज साडेतीन लाखांवर जाते. भाव दुप्पट झाला तर विकत घेतलेले नाणेही दुप्पट मोलाचे होते, यंत्राने काढलेलेही होते; पण भाव वाढला की जगभर नवी यंत्रे लागतात, कोडे कठीण होते आणि यंत्राचा वाटा आक्रसतो. भाव पडला तर नाणे घटते, यंत्राचे उत्पन्न घटते आणि यंत्राला गिऱ्हाईकही मिळेनासे होते. याचा अर्थ निवृत्तीच्या पैशाने नाणे घ्यावे असा नव्हे. सोळा हजारांच्या त्या आठवणीपुढे ते साहस कोणाही संसारी माणसाने करू नये. अर्थ एवढाच की, यंत्र हे नाणे मिळविण्याचा स्वस्त मार्ग आहे ही समजूत टिकत नाही.

घरात शिवणयंत्र आणले, पिठाची गिरणी बसविली, तर एक गिऱ्हाईक गेले तरी दुसरे येते. या खाणयंत्राला मात्र जगातील दुसरे कोणतेही काम येत नाही. ग्राफिक्स कार्डांचे निदान तसे नव्हते. इथेरियम नावाच्या दुसऱ्या चलनासाठी अनेक घरांत ती रांगेने लागलेली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाने खाणकामाची पद्धतच सोडून दिली आणि एका दिवसात ती सारी कार्डे बेकार झाली. पण खेळणाऱ्या मुलांना ती मिळेल त्या भावाने विकता तरी आली.

ज्यांना दोन-तीन रुपये युनिटने वीज मिळते, ज्यांची शेकडो यंत्रे एका छपराखाली, थंड हवेत आणि दुरुस्तीच्या माणसांच्या देखरेखीखाली चालतात, त्यांचे गणित वेगळे असते. त्यांचा हा उद्योग आहे. मागच्या खोलीतील यंत्राने त्यांच्याशी स्पर्धा करावयाची असते, हे त्या खोलीत उभे राहून दिसत नाही.

कागद भरला आहे. मुलगा बराच वेळ तो पाहत बसतो आणि मग थोडे ओशाळून एका छोट्या उपकरणाविषयी सांगतो. तळहाताएवढे असते, सेकंदाला एखादा टेराहॅश चालविते, सतरा वॅटच्या आसपास वीज घेते, आवाजही फारसा करीत नाही. नाणे लागण्याची सरासरी मुदत काढावी तर एकोणीस हजार वर्षे येतात. पण ही खतावणी कशी चालते ते डोळ्यांनी पाहता येते आणि एवढेसे यंत्र घेणे आपल्याच पगारातून जमेल. वडील पेन्सिल पुन्हा उचलतात : सतरा वॅट, चोवीस तास, तीस दिवस. बारा युनिट.

“तेवढे बिलात चालेल,” ते म्हणतात आणि गच्चीच्या कामाला येणाऱ्या गवंड्याचा दूरध्वनी क्रमांक शोधू लागतात.