वजनकाटा काय सांगत नाही



चाकण किंवा भोसरीत रात्रपाळी सुटल्यावर टपरीपाशी जरा थांबून पाहा. वडापाव आणि गोड चहा घेऊन खोलीवर झोपायला निघालेली पोरं हातापायांनी काटकुळी असतात. शर्टाची बटणं मात्र पोटावर ताणलेली. ‘मला कसली शुगर, मी कुठं जाडा आहे?’ शुगर तपासायला सांगितल्यावर मिळणाऱ्या या उत्तराची मला काळजी वाटते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. याज्ञिकांच्या गटानं पुणे परिसरातले खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले. खेड्यातल्यांपेक्षा शहरी पुरुषांच्या अंगात चरबी जास्त होती आणि रक्तात दाहाच्या खुणाही जास्त होत्या.

हा दाह ताप आणत नाही, दुखत नाही. पोटातल्या चरबीच्या पेशी फुगल्या की तिथं रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि टीएनएफसारखी रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात. साखर रक्तातच राहते.

या दाहाला शरीराचा स्वतःचा लगाम आहे. मेंदूतून पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस ॲसिटिलकोलीन हा चेतारस वापरते. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून त्याचा परिणाम दाखवला. न्यूयॉर्कच्या केविन ट्रेसी यांच्या गटानं २००० साली उंदरांमध्ये ही नस उद्दीपित केली, तेव्हा टीएनएफ घटलं. म्हणजे मज्जासंस्था दाहाला लगाम घालू शकते! यावरून मधुमेहाचं औषध निघेल का, याचा शोध चालू आहे. आज दुकानात मागावं असं काही नाही.

झोप अपुरी पडली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, हे मात्र पक्कं ठाऊक आहे. पाळ्या बदलणाऱ्या कामगाराला हे कुणीतरी सांगायला हवं. सुपरवायझरनं सांगितलं तर फारच उत्तम.

वजनकाट्याऐवजी शिंप्याची टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८०च्या वर गेली, की तपासणी करा. तिसऱ्या पाळीवाल्यांना उपाशीपोटी रक्त द्यायचा मेळ बसत नाही; त्यांनी एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून घ्यावी. जेवून गेलं तरी चालतं आणि मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी कळते. आकडा ५.७ किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टरांना दाखवा.