हरणं मोजून झाली की गवत बघा

श्रोतेहो, सुट्टीत पाहुणे आले की सिल्वासाहून खानवेलच्या वाटेनं त्यांना सातमालियाच्या हरीण उद्यानात नेता ना? चितळ, सांबर, नीलगाय. पोरं बोटांवर मोजत बसतात. मोजू द्या. पण मोजून झाली की गवताकडे बघा.

हरणं कुंपणात राखायची चाल जुनी. कौटिल्यानं राजाच्या मृगवनाची रीत सांगितली ती अशी: दार एकच, भोवती खंदक, आत गोड फळांची झुडपं, काटेरी झाड नको, पाणी उथळ. चारापाण्याची सोय त्यानं किती बारकाईनं लावली, बघा. इंग्लंडात १०६६ नंतर नॉर्मन सरदारांनी फॅलो जातीची हरणं आणून अशी राखणं थाटली. आतून खंदक, बाहेर मातीचा बांध, बांधावर ओकच्या फळ्या. कुठे कुठे असा उतार करत, की रानातलं हरण आत उडी घेई, पण त्याला परत जाता येत नसे. मेजवानीचं मांस, लाकूड, जळण तिथलंच. हिवाळ्यात चारा आटला की राखणदार पाल्याच्या फांद्या तोडून घालत.

हे राखण म्हणजे कणगी. कणगीत भात किती, खाणारी तोंडं किती, हे घरची बाई पावसाआधीच जाणते. तोंडं वाढली म्हणून कणगी वाढत नाही. सरदार हरणं मारून खाई, तोंडं कमी होत. आपण मारत नाही, मारूही नये. कुंपणानं बिबट्या अडवला की तीही वाट बंद. मग उरतं काय? गवत! सातमालिया सुमारे ३१० हेक्टर, त्यात पिकेल तेवढंच. श्रावणात हिरवंगार, होळीला वाळून कोळ. सांबर पाल्यावर निभावतं; चितळाची मुख्य भिस्त गवतावर, वर मोहाची गळलेली फुलं.

आणि मंडळी, जाळीवरून वेफर्स टाकणं हा चारा नव्हे. पुडीचं प्लास्टिक रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात अडकून बसतं. पोरांचा हात धरा.

पुन्हा सांगतो, गवत बघा. होळीनंतर जाल तेव्हा झाडांचा पालाही बघा. हरणाची मान पोचते तिथवर सगळा खुडून खाली सरळ रेघ दिसली, तर कणगीचा तळ लागलाय.

घाणेरीचं राहिलंच. तिच्या गचपणात गवत धरत नाही, हरणं तिला सहसा तोंड लावत नाहीत. ती वरवर छाटून भागत नाही, मुळासकट काढावी लागते, आणि काढल्यावर त्या जागी लगेच... वेळ झाली म्हणतात.