दोन पाळ्यांमधला डाग

दोन पाळ्यांच्या मध्येच रक्ताचा डाग दिसला… तर तो तपासून घ्यायचा. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. गर्भनिरोधक गोळी चुकलेली असते, तांबी नवी असते, कधी जंतुसंसर्ग असतो. क्वचित मात्र ती कर्करोगाची खूण असते… आणि डाग दोन्हीकडे सारखाच दिसतो. म्हणून घरी बसून अंदाज बांधता येत नाही.

"उष्णता वाढली असेल," असं म्हटलं, की शोध तिथंच थांबतो. "दुखत तर नाही," असंही बायका म्हणतात. पण गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीला सहसा दुखतच नाही… हेच तर घातक आहे. उरणच्या मोरा बंदरातून लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरलं, की मुंबई. तिथल्या वस्त्यांत टाटा रुग्णालयानं १९९८ पासून हजारो बायकांची याच कर्करोगासाठी तपासणी केली. आरोग्यसेविकांच्या हाती होतं व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण, आणि उजेडासाठी दिवा… बस्स, एवढंच. २०१३ साली निष्कर्ष आला. तपासणी झालेल्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांश घटले होते. त्या बायकांना काही तक्रारही नव्हती. मग जिला डाग दिसतोय, तिनं का थांबावं?

संकोच वाटतो, हे खरं. पण तपासणी काही मिनिटांची असते. आशाताईंना सोबत न्या, स्त्री डॉक्टर मागा. डागाची तारीख कॅलेंडरवर लिहा. दिवस गेल्याची शंका असेल, किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्त दिसलं… तर वाट न बघता लगेच जा.